कोरडं दार

“बारा वर्सं तुया दारात वाकली मी, कमले! बारा वर्सं! अन् आज मले अंगणचोर म्हणतं?”

“मंग काय म्हणू? दरवर्सी आमी उसावरून परत येतो त आमचं अंगण हातभर आकसलेलं राह्यते. तुया सड्याची ओल इकडं सरकून राह्यली, बाई. आधी लिंबाच्या पलीकडं होती, औंदा लिंब ओलांडला तिनं.”

“ओल सरकते का वं कुठं? तिले काय पाय हायेत?”

“तिले नाईत. तुले हायेत.”

गल्लीतल्या बाया फिदीफिदी हसल्या. ते हसणं माझ्या जिव्हारी लागलं. खरं सांगायचं तर कमलीच्या बोलण्यापेक्षा ते हसणंच लागलं. मी हातातला खराटा तिच्या पायाशी फेकला.

गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत पिठाचे डबे, गोधड्या, कोयते, कोंबड्यांची डालगी. पोत्यांच्या ढिगावर कमलीची सून उज्ज्वला बसली होती, सातव्या महिन्याचं पोट दोन्ही हातांनी धरून. तिचा नवरा राजू खालून ओरडत होता, “माय, चाल ना वं! टोळी निघून जाईन!” ड्रायव्हर भोंग्यावरचा हात काढत नव्हता.

दरवर्षी भाऊबीज झाली की हे कुटुंब ऊसतोडीला जातं ते फागुनात परततं. जाताना कमली किल्ली माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, “दार पाह्यजो, बाई.” एवढंच. पण त्या एवढ्याशा बोलण्यात काय असतं ते आमच्या गावाबाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगते.

आमच्याकडे घराला कुलूप असो नसो, सकाळी दारात शेणाचा सडा पडलाच पाहिजे. दार कोरडं राहतं ते फक्त सुतकात. कोणाचं दार सकाळी कोरडं दिसलं की गाव विचारतं, “कोण गेलं?” आणि बाया पदर घेऊन त्या ओट्यावर बसायला येतात. म्हणून उसावर जाणारं प्रत्येक घर आपलं दार शेजारणीच्या हाती देऊन जातं. इंझोरीपासून इकडे तीन कोसांत तुम्हाला हिवाळ्यात शंभर कुलपं दिसतील, पण एकही दार कोरडं दिसणार नाही. एक बादली पाणी, मूठभर शेण, रांगोळीच्या चार रेघा. घर जितं आहे असं सांगायला तेवढं पुरतं.

तर त्या दिवशी कमलीनं किल्ली मला दिली नाही. माझ्या डोळ्यांदेखत कमरेला खोचली.

“नको टाकू सडा,” ती म्हणाली. “तुया सड्यापाई आमी जगून राह्यलो का?”

आता माझी जीभ. सत्तर वर्षं ती माझ्या तोंडात आहे आणि सत्तर वर्षं तिनं माझं ऐकलेलं नाही. मी तिच्या दारात उभी राहिले, हात वर केला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“या दारात माया हातचा एक थेंब जरी पडला ना, त बायका माया दारी येऊन बसतीन! आयकलं का सगळ्यायनं?”

ड्रायव्हरनं भोंग्यावरचा हात काढला. कमलीचं तोंड उघडंच राहिलं होतं, पण राजूनं तिला दंडाला धरून ट्रॉलीत चढवलं, म्हणून त्या आणेला उत्तर मिळालं नाही. भांडण तसंच अर्धं राहिलं. ट्रॉली हलली तेव्हा उज्ज्वला वळून माझ्याकडं पाहत होती. तिचे ओठ हलले. “आजी, सडा...” एवढं मला दिसलं. ऐकू आलं नाही.

पहिल्या सकाळी सवयीनं मी दुसरी बादली उचलली आणि परत ठेवली. माझा शब्द काळ्या दगडावरची रेघ. मी शाळेत गेलेली नाही. वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरून वयाच्या चाळिशीत अक्षरं शिकले. पण दिलेला शब्द मी फिरवलेला कोणी दाखवावा.

दुसऱ्या दिवशी कमलीच्या अंगणात आमच्या दोन घरांमधल्या कडुलिंबाचा पाला पडला, शेळ्या लेंड्या टाकून गेल्या. घर रात्रभर जागून तोंड न धुता बसलेल्या माणसासारखं दिसू लागलं. मी माझ्या ओट्यावरून पाहिलं आणि तोंड फिरवलं.

तिसरा दिवस.

भुतं रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडची दुपार पाहिलेली नाही. कापूस वेचायचे दिवस. सगळं गाव वावरात. पावणेबाराची कारंज्याची एसटी फाट्यावरून गेली की नंतर काही वाजत नाही. कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीला अंग चोरून पडतात. मी माझ्या ओट्यावर वाती वळत बसले होते. मोत्या, माझा कुत्रा, खांबाशी निजला होता. त्याची ती ठरलेली जागा.

वात मांडीवर ठेवून मी मान वर केली, तर कमलीच्या ओट्यावर एक बाई बसलेली.

विटकं हिरवं लुगडं. पदर नाकापर्यंत ओढलेला. पाय पोटाशी घेऊन, भिंतीला पाठ न टेकता बसली होती. सुतकाच्या घरी बायका बसतात तशी. मला वाटलं, कोणी परगावची, घर चुकली असेल.

“काय वं बाई, कोणाच्या इथं आल्या?” मी इथूनच हाक दिली.

आवाज हळू होता, पण अंतर असूनही कानाजवळ ऐकू आला.

“बसाले आली.”

“चुकल्या तुमी. त्या घरी कोणी नाई. उसावर गेले सगळे.”

“दार कोरडं हाये ना, बाई...”

“असू द्या कोरडं. कोणी गेलं नाई त्या घरी.”

ती जरा हलली. पदराच्या आतून जणू माझ्याकडं पाहिलं.

“जाईन कोणी,” ती म्हणाली. “अजून सात दिवस हायेत...”

माझ्या हातातला कापूस गार लागला. मला राग येतो तेव्हा मी उठते, आणि मला भीती वाटते तेव्हाही मी उठते. त्यामुळे मी उठले ती रागानं की कशानं, हे मलाही ठाऊक नाही. पण पायरी उतरून लिंबापाशी गेले तर तिथून पुढं पाऊल टाकवेना. कमलीच्या अंगणातली धूळ कोरडी, पांढरी, बारीक पिठासारखी पसरली होती. रस्त्यापासून ओट्यापर्यंत तिच्यात शेळ्यांचे खूर होते. माणसाचं पाऊल नव्हतं.

साडेचारची एसटी परत गेली. तेव्हा पाहिलं तर ओटा रिकामा.

चौथ्या दिवशी, एसटी गेली आणि दोघी बसल्या होत्या. पाचव्या दिवशी तिघी. कोणी कोणाशी बोलत नव्हती. मी काठी आपटली, शिव्या घातल्या, बाप काढला. माझ्या शिव्यांनी गावचा ग्रामसेवक पळालेला आहे. त्या बायका पळाल्या नाहीत. सुतकाच्या घरी कोणी वेडंवाकडं बोललं तर मोठ्या बायका जसं ऐकून न ऐकल्यासारखं करतात, तसं त्यांनी केलं.

गल्लीतल्या वैभवीला मी दाखवलं. बारावी झालेली, धीट पोट्टी. “कमलीच्या ओट्यावर कोण हाये वं?” तिनं पाहिलं. “कोणीच नाई, आजी. पाला हाये. टाका ना झाडून, कायचा राग धरून बसल्या?”

सहाव्या दिवशी हिरीबाई आली.

हिरीबाई कोण, ते सांगते. आमच्या गावात बाई गेली की तिला शेवटची आंघोळ घालायला हिरीबाईच लागायची. पाणी तापवणं, हळद लावणं, केस सोडवणं, सगळं तिच्या हातचं. कडबाकुट्टीत तिच्या डाव्या हाताचं अर्धं बोट गेलं होतं. त्या अर्ध्या बोटानं ती मेलेल्या बाईच्या कपाळावर कुंकू लावायची. सहा वर्षांपूर्वी ती स्वतः गेली, तेव्हा तिला आंघोळ घालायला कोणी धजेना. मी घातली.

चौथी बाई बाकीच्यांसारखीच पदर ओढून बसली होती, पण तिच्या शेजारी तांब्याच्या दोन घागरी होत्या. तिनं एक घागर सरळ केली. अर्धं बोट मला दिसलं. आणि वास आला. तापलेल्या पाण्याचा, लिंबाच्या पाल्याचा, ओल्या हळदीचा. सहा वर्षांपूर्वी माझ्या हातांना आठ दिवस येत होता तोच.

“हिरे?” माझ्या तोंडून निघालं.

“बस ना, तुळसे... कायले उभी?”

“कोणाचं पाणी तापवून राह्यली तू?”

“धाकल्या बाईचं.”

“दोन घागरी काहून मंग? एका बाईले एक लागते.”

हिरीबाईनं दुसरी घागर पहिलीच्या जवळ सरकवली. धूळ हलली नाही.

“पोटुशी हाये ना...” ती म्हणाली.

मी घरात आले. दार लावलं. भर दुपारी माझ्या घराचं दार लागलेलं गल्लीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असेल. बटनांचा फोन आहे माझ्याकडे. राजूचा नंबर भिंतीवर कोळशानं लिहिलेला. पाच वेळा लावला तेव्हा लागला. मागं कोयत्यांचा आवाज होता आणि वाऱ्यानं पाचट सळसळत होतं.

“आजी? तुमी?” राजूचा आवाज थकलेला. “उज्ज्वलाले ताप हाये, आजी. आज तीन दिवस झाले. दवाखान्यात नेलं, सुया दिल्या, ताप उतरून नाई राह्यला. लेकरू पोटात हालत नाई म्हणते.”

“शुद्धीत हाये ना?”

“कधी हाये, कधी नाई. बरळते. कोपीच्या दारात बायका बसल्या म्हणते. पयल्या दिवशी एक म्हणे. आज चार म्हणून राह्यली...”

कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी. तिला दार ते कसलं, एक भोक. त्या भोकासमोर पडून ती पोर मोजत होती. आणि इकडे त्याच बाया मी मोजत होते.

“कोणाशी बोलून राह्यला रे?” मागून कमलीचा आवाज आला.

“तुळसाआजी हायेत.”

मला वाटलं, ती फोन घेईल. म्हणेल, बाई, दार पाह्य. ती म्हणाली असती तर मी तिथून उठून बादली भरली असती, आण गेली खड्ड्यात. आणि तिलाही वाटत असेल की मी आधी बोलावं. दोघी बाया, मध्ये तीनशे मैल आणि एक लेकुरवाळी व्हायची पोर. दोघींनीही तोंड उघडलं नाही.

“ठेव थो फोन,” कमली म्हणाली. “उगा बॅटरी जाते.”

हे मी आज लिहिते तेव्हाही माझी मान खाली जाते. माझी मान फार वेळा खाली गेलेली नाही.

सातव्या दिवशी मी पळवाट काढली. आण माझ्या हाताची होती. दुसऱ्या हाताची नव्हती. सकाळी वैभवीला बोलावलं, शेण मीच कालवून दिलं, आणि म्हटलं, “टाक बाई कमलीच्या दारात. म्हातारीची कंबर धरली.” पोरीनं हसत हसत सडा टाकला, वर दोन फुलं काढली रांगोळीची. मला वाटलं, सुटले.

दुपारी एसटी गेली. मी पाहिलं. दार कोरडं. सड्याचा डाग नाही, रांगोळीची रेघ नाही, जणू त्या जमिनीनं पाणी ओळखलंच नाही. पाच जणी बसल्या होत्या. मी हट्टाला पेटले. वैभवी कॉलेजातून आली तशी तिला पुन्हा बादली घेऊन पाठवलं. ती शिंपडत त्यांच्यापर्यंत पोचली, तेव्हा काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सारवणारी जवळ आली की ओट्यावर बसलेल्या बाया पाय वर घेतात ना? तसे त्या पाचही जणींनी पाय उचलून घेतले. पाणी खालून गेलं. वैभवी पुढं सरकली. त्यांनी पाय परत खाली ठेवले. पोरगी गाणं गुणगुणत होती.

बारा हिवाळे त्या दारानं एकच हात पाहिला होता, हे तेव्हा मला कळलं. आपण रोज काही करतो, आणि वाटतं, त्यात काय एवढं? कोणीही करील. कोणीही करू शकत नाही. ते दार माझ्या हातावर होतं, आणि मी तो हात काढून घेतला होता. अंगणाच्या हातभर ओलीसाठी.

आठव्या दिवशी सहा. नवव्या दिवशी सात.

नवव्या दुपारी मी लिंबापाशी जाऊन उभी राहिले. काठी नेली नाही. “हिरे,” मी म्हटलं, “मी तुले आंघोळ घातली होती. आठवते का?”

“आठवते...” ती म्हणाली. “पाणी जरा कोमट होतं.”

“मंग मायं एक आयक. पोरीले सोड. तिनं काय केलं?”

“आमी काय करून राह्यलो, तुळसे? आमी बसलो फक्त. दार कोरडं दिसलं, बसलो.” तिचा आवाज मायेचा होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. “उद्या दहावा. दहाव्यापरेंत दार कोरडं राह्यलं का मंग सुतक पक्कं. अजून एक जण यायची हाये, थे आली का उठतो... पोरीले घेऊन.”

“अन् सडा पडला त?”

घागरीवरचं अर्धं बोट थांबलं.

“तुया हातचा?” तिनं विचारलं. “तू त आण घेतली, तुळसे. आमी सगळ्यायनं आयकली.”

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. मरणाला मी भीत नाही असं म्हणणारी म्हातारी खोटं बोलते. मला भीती वाटली. माझा मुलगा पुण्याला, माझ्यामागं या घरात दिवा लावणारं कोणी नाही. माझ्या दारी बाया बसल्या तर त्यांना उठवायला कोण येणार होतं? आणि मरणापेक्षाही एक लाज होती. तीही लिहिते, लपवत नाही. गल्ली म्हणेल, तुळसाबाईनं थुंकलेलं चाटलं. रात्रभर मी या दोहोंत कुठली भीती मोठी ते तोलत पडले. पहाटे लक्षात आलं की त्या पोरीचं पोट मी तोलात धरलंच नव्हतं.

उठले. अजून तांबडं फुटलं नव्हतं. रोज मी आधी माझं दार करते, मग दुसऱ्याचं. त्या दिवशी तेवढा धीर नव्हता. शेण कालवलं, बादली उचलली आणि तशीच लिंब ओलांडला.

त्या बसल्या होत्या. आजवर दुपारीच येत, आज उजाडायच्या आधी आल्या होत्या. करड्या उजेडात सात पदर. हिरीबाईच्या दोन्ही घागरींतून वाफ निघत होती.

“तुळसे...” ती म्हणाली. “आण...”

“माहीत हाये.”

“मंग?”

“मंग काय? पाय उचल.”

मी बादलीत हात घातला आणि पहिला सपकारा मारला. ओंजळभर पाणी धुळीवर पडलं आणि धूळ तडतडली, तव्यावर पडल्यासारखी. मग वास आला. ओल्या मातीचा, शेणाचा, आमच्या रोजच्या सकाळचा. सात जणींनी पाय उचलले, पण पाणी त्यांच्याखालून गेलं नाही. जिथं पडलं तिथं ओल धरली, आणि त्यांना पाय टेकायला कोरडी जागा उरली नाही. मी शिंपत गेले. ओटा, पायरी, उंबरठा, लिंबाच्या अलीकडं आणि हो, हातभर पलीकडंसुद्धा. रांगोळीच्या चार रेघा ओढल्या. वाकड्या आल्या.

एकेक जण उठली. सुतकाच्या दारातून निघताना कोणी “येते” म्हणत नाही, तशाच न बोलता गेल्या. हिरीबाई सगळ्यांत मागं. तिनं घागरी कमरेवर घेतल्या, चार पावलं गेली आणि थांबली. वळून माझ्या घराकडं पाहिलं. माझ्याकडं नाही, माझ्या घराकडं. आणि कपाळावरचा पदर आणखी पुढं ओढला.

तेवढ्यात घरात फोन वाजला. मी धावले.

“आजी!” राजू रडत होता. “घाम फुटला तिले. ताप उतरला. लेकरू हाललं, आजी, मी हात लावून पाह्यलं! पाणी मागितलं तिनं!”

मी फोन कानाला धरून किती वेळ बसले कोणास ठाऊक. भान आलं तेव्हा कारंज्याची एसटी गेलेली होती. आणि मला आठवलं की माझ्या स्वतःच्या दारात त्या दिवशी सडा पडलेला नाही. सुतकाचे दिवस सोडले तर बावन्न वर्षांत पहिल्यांदा. लगबगीनं बादली घेऊन बाहेर आले आणि टाकला. दुपारचा सडा, पण टाकला. ओटा रिकामा होता. मी नीट पाहिलं, दोनदा पाहिलं. रिकामा.

मोत्या मात्र खांबाशी नव्हता. रस्त्याच्या पल्याड उभा राहून खांबाकडं पाहत होता. हाक मारली, भाकर दाखवली. शेपटी हलवली, पण ओट्यावर चढला नाही. म्हटलं, म्हातारा झाला, पायरी चढवत नसेल. त्या दिवसापासून तो रस्त्यावरच निजतो. खांबाकडून थोडा गारवा येतो, म्हणून वाती वळायला मीही आताशा दुसऱ्या टोकाला बसते.

हिवाळा गेला. दोन्ही दारांत रोज सडा पडत होता, आधी माझ्या, मग तिच्या. कोणी परत बसलं नाही. माघ महिन्यात कळलं, उज्ज्वला सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली, संस्कृती नाव ठेवलं.

फागुनात ट्रॉली गल्लीच्या तोंडाशी थांबली. कमली उतरली ती आधी अंगणात गेली. सडा पाहिला. रांगोळी पाहिली. मग लिंबापाशी गेली, ओल पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

“पाह्य! सरकली का नाई? मी काय म्हणत होती?”

“तुले पाह्याले हेच भेटलं का वं? नातीचं तोंड त दाखव आधी!”

“नाई टाकीन म्हणे सडा! हात वर करून आण घेतली होती सगळ्या गावादेखत. मंग हा कोणं टाकला, भुतानं?”

“म्या टाकला. काय म्हणणं हाये?”

“मंग आण मोडली म्हण.”

“मोडली. म्हणते ना, मोडली!”

गल्लीतल्या बाया परत जमल्या होत्या, दिवाळीनंतरच्या त्याच. कमलीला चेव आला. ती वाईट बाई नाही. अर्धं राहिलेलं भांडण तिनं चार महिने उसात सांभाळून आणलं होतं, एवढंच.

“अन् आण मोडली त बायका कुठं हायेत? तुया दारी येऊन बसतीन म्हणत होती ना? कुठं बसल्या? झूटी तुई आण, अन् झूटी तू!”

“माया दारी बसाची कोणाची हिंमत हाये, कमले?” मी माझ्या ओट्याकडं हात केला. “हा पाह्य ओटा, हा खांब. हाये का कोणी? दाखव!”

उज्ज्वला ट्रॉलीतून उतरत होती, लेकरू छातीशी धरून. माझ्या हाताच्या दिशेनं तिनं पाहिलं आणि पायरीवरच थांबली. एका हातानं पोरीचं तोंड झाकलं, दुसऱ्या हातानं डोक्यावर पदर घेतला, हळूहळू नाकापर्यंत ओढला. कमलीनं ते पाहिलं. मीही पाहिलं.

मग ती पोर अगदी हळू बोलली, आणि माझं अन् कमलीचं भांडण तिथंच संपलं.

“आजी, माया दारातून उठल्या थ्या सात होत्या, आठवी त्या दिवशी उशिरा आली होती... थे तुमच्या खांबाले टेकून अजून बसली हाये.”